आधी फिल्टर, मग पाणी, बोर्ड सगळ्यात शेवटी

पारोळ्याच्या एका ताईंनी विचारलंय. 7 किलोचं फ्रंट लोड मशीन, घेऊन साडेचार वर्षं झाली, घरात बोरचं पाणी. दोन महिन्यांपासून मशीन मध्येच थांबतं, आत पाणी तसंच राहतं आणि दार उघडत नाही. कपड्यांना कुबट वास येतो. पिळायला लागलं की 'विमान उडाल्यासारखा' आवाज येतो. मेकॅनिक आला, मागचं झाकणही न उघडता म्हणाला, 'पीसीबी (मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेलाय, नऊ हजार लागतील.' शेजारच्यांचं म्हणणं, आपल्या भागात फ्रंट लोड चालतच नाही, हे विकून टॉप लोड घ्या.

ताई, नऊ हजार देऊ नका. निदान आज तरी नको. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही तक्रारींपैकी एकीचाही पहिला संशय बोर्डावर जात नाही. पाणी न निघणं म्हणजे बहुतेक वेळा फिल्टर नाहीतर पंप. वास म्हणजे रबर, पावडर आणि थंड पाण्याची धुलाई. आवाज म्हणजे बहुधा बेरिंग, ज्यावर ड्रमचा दांडा फिरतो ते. आणि या तिन्हींच्या मुळाशी तुमचं बोरचं पाणी थोडंफार आहेच. मी जळगावात राहून वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय, चोपड्यापासून चाळीसगावपर्यंत. खरोखर बोर्ड गेलेली मशीन मी पाहिली आहेत, पण बोर्डाच्या नावावर खपवलेले तुंबलेले फिल्टर त्याहून कितीतरी जास्त पाहिलेत.

आता क्रमाने जाऊ. आधी आत अडकलेलं पाणी काढा.

मशीनचा प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. गरम पाण्याची धुलाई लावली असेल तर पाणी निवू द्या. मशीनच्या पुढच्या बाजूला अगदी खाली, बहुतेक वेळा उजव्या कोपऱ्यात, एक छोटं झाकण असतं. ते उघडलं की एक मोठी गोल चकती दिसते, तीच फिल्टर. तिच्या शेजारी अनेक मशीनना बोटाएवढी जाड, बूच लावलेली नळी असते. आधी ही नळी बाहेर ओढायची, खाली परात ठेवायची आणि बूच काढायचं. परात भरली की बूच लावायचं, परात मोरीत रिकामी करायची, पुन्हा तेच. दहा-पंधरा लिटर पाणी निघू शकतं, घाई करू नका. नळी नसेल तर फिल्टर अर्धा आटा ढिला करून पाणी झिरपू द्यायचं. एकदम पूर्ण फिरवलात तर पाणी हॉलपर्यंत जातं. माझं स्वतःचंही एकदा गेलंय, तेही गिऱ्हाइकाच्या नव्या गालिच्यावर.

फिल्टर बाहेर आला की त्यात काय आहे ते नीट बघा. एक-दोन रुपयांची नाणी, सेफ्टीपिन, टिकल्यांची पाकिटं, ब्लाउजचे हूक, लहान मुलांचा एखादा मोजा, गोधडीचे दोरे. आपल्याकडे आणखी एक खास गोष्ट निघते, सरकी. कापूस वेचणीच्या दिवसांत खिशात, ओटीत, शर्टाच्या दुमडीत बोंडातला कापूस राहतो, मशीनमध्ये रुई विरते आणि सरकी थेट फिल्टरमध्ये येऊन बसते. धरणगावकडच्या एका घरी मी फिल्टर उघडला तर मूठभर सरकी आणि त्यातल्या दोन-तीनला चक्क कोंब फुटलेले. घरमालक म्हणाले, 'शेतात उगवलं नाही ते इथे उगवलं.' त्यांनाही कुणीतरी बोर्डच सांगितला होता.

फिल्टर धुवून लगेच लावू नका. प्लग काढलेलाच आहे ना? मग मोबाइलची बॅटरी लावून त्या भोकात आत बघा. पंपाचा छोटा पंखा दिसेल. पेन्सिलीने किंवा बोटाने हळूच फिरवा, काचेचा तुकडा किंवा पिन अडकलेली असू शकते हे लक्षात ठेवून. पंखा थोडे झटके घेत, अडत-अडत फिरला तर घाबरू नका. आत चुंबक असतो, त्यामुळे तो असाच फिरतो. उलट तो भिंगरीसारखा मोकळा गरगरला, डगडगला किंवा हातात आला, तर पंप गेला. पंप ही बोर्डापेक्षा पुष्कळ स्वस्त वस्तू आहे आणि बदलायला तासभरही लागत नाही. पंखा ठीक असेल, पाणी काढायच्या वेळी पंपाचा 'हूंऽऽ' असा आवाज येत असेल पण पाणी हलत नसेल, तर अडथळा पुढे पाइपात आहे. आवाजच येत नसेल तर पंपाची कॉइल किंवा वायर बघावी लागेल. वायर म्हटलं की मला आधी उंदीर आठवतो, त्याच्याविषयी पुढे सांगतो.

फिल्टर परत लावताना आटे सरळ बसले आहेत ना ते पाहून घट्ट करा. निम्म्या गळत्या फिल्टर साफ केल्यानंतरच सुरू होतात, आणि लोकांना वाटतं मशीन फुटलं.

पाणी बाहेर टाकणाऱ्या पाइपाचं टोक कुठे आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे तो पाइप मोरीत जमिनीवर सोडून देतात. टॉप लोडच्या अनेक मशीनना ते चालतं. फ्रंट लोडमध्ये पाइप आधी साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीपर्यंत वर जायला हवा आणि मग खाली. मशीनच्या पाठीवर पाइप अडकवायची जी खाच असते, ती यासाठीच. पाइप खालीच पडलेला असेल तर मशीन पाणी भरतं आणि ते आपोआप मोरीत निघून जातं. मशीन बिचारं भरतच राहतं आणि शेवटी 'पाणी येत नाही' म्हणून थांबतं. शहाद्याला एका घरी दोनदा नवा इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह, टाकून झाला होता. मी पाइप उचलून खिळ्याला अडकवला आणि चहा पिऊन निघालो. दुसरीकडे, पाइप फार उंच नेला किंवा लांब जोडला की पंपाला पाणी चढवता येत नाही. आणि पाइपाचं टोक गटाराच्या तोंडात घट्ट कोंबू नका, भोवती हवेला जागा हवी.

पडद्यावर काही अक्षरं दिसत असतील तर टिपून ठेवा. एलजीच्या मशीनवर 'ओई' म्हणजे पाणी निघत नाही, 'आयई' म्हणजे येत नाही, 'यूई' म्हणजे कपड्यांचा तोल बिघडला, 'डीई' म्हणजे दार. सॅमसंगवर पाणी न येण्याला '4ई' किंवा '4सी' आणि न निघण्याला '5ई' किंवा '5सी'. हे कोड फक्त कुठे दुखतंय ते सांगतात, का दुखतंय ते सांगत नाहीत. 'आयई' आलं म्हणजे व्हॉल्व्ह गेलाच असं नाही, कदाचित खालच्या मजल्यावर कुणीतरी मेन कॉक बंद केला असेल.

पाणी येण्याचंही बघून घेऊ, कारण ही तक्रार तुम्हाला आज नसली तरी बोरच्या पाण्यावर उद्या येणारच. नळाकडून येणारा पाइप जिथे मशीनला जोडतो तिथे आत एक बारीक जाळी असते. नळ बंद करून पाइप सोडवा, जाळी चिमट्याने ओढून काढा. आपल्या बोरचा बारीक वाळू-क्षार तिथे लेपासारखा बसलेला असतो. नळाचं पाणी असलेल्यांचंही पावसाळ्यात तेच होतं, तापी-गिरणेला पूर आला की गढूळ पाणी टाकीत आणि टाकीतलं जाळीत. जाळी लिंबाच्या फुलांच्या पाण्यात तासभर ठेवली की स्वच्छ होते. लिंबाची फुलं म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते सायट्रिक ॲसिड. काही जण जाळी काढून फेकून देतात, पाणी जोरात येतं म्हणून. पुढच्या महिन्यात वाळू व्हॉल्व्हमध्ये जाते आणि नवा व्हॉल्व्ह विकत घ्यावा लागतो.

दाबाचं गणित मात्र लोकांना कुणी सांगत नाही. पाण्याच्या 1 मीटर उंचीने साधारण 0.1 बार दाब मिळतो. मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब लिहिलेला असतो, कुठे 0.3 बार, कुठे 0.5, काहींना तर 1 बार. आपलं घर एकमजली, टाकी स्लॅबवर नुसती ठेवलेली. मशीनच्या नळापासून टाकीच्या बुडापर्यंत उंची किती? दोन-अडीच मीटर. म्हणजे 0.2 ते 0.25 बार. मशीनला हवं त्यापेक्षा कमी. पाणी येतं, पण रडत-रडत. टाकी भरलेली असली की मशीन चालतं, नळ येण्याच्या आदल्या दिवशी टाकी तळाला गेली की अडतं, आणि माणूस म्हणतो मशीन लहरी आहे. टाकी चार-पाच फूट उंच ओट्यावर ठेवा किंवा मशीनच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप लावा. कमी दाबात हा व्हॉल्व्ह नीट बंदही होत नाही. मशीन बंद असताना सकाळी ड्रममध्ये आपोआप पाणी साचलेलं दिसलं, तर व्हॉल्व्हमध्ये कचरा आहे किंवा दाब कमी आहे.

आता मूळ दुखणं, बोरचं पाणी.

आपला भाग काळ्या खडकाचा आणि तापीच्या गाळाचा. बोर खोल गेली की पाणी जड येतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा पर्याय नसेल तर 600 पर्यंत चालेल असं धरलंय. म्हणजे मानकाप्रमाणे पिण्याजोगं पाणीही मशीनसाठी भलतंच जड असू शकतं. पाणी तापलं की हा क्षार हीटरवर बसतो. बादलीत लावायच्या रॉडवर पांढरी पापुद्री बसते ना, अगदी तशीच. हीटरवर थर आला की उष्णता पाण्यात जात नाही, हीटर आतल्या आत जास्त तापतो, एक दिवस त्याच्या नळीला बारीक भोक पडतं आणि करंट पाण्यात उतरतो.

यावरून एक खूण सांगतो. थंड पाण्याची धुलाई व्यवस्थित पूर्ण होते, पण गरम लावली की काही मिनिटांनी घराचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो, अशी तक्रार असेल तर डोळे झाकून हीटर तपासायला सांगा. ज्यांच्या घरी ईएलसीबी नाही त्यांना ही खूण अंगावर मुंग्या येऊन कळते, म्हणून तो बसवून घ्या.

आणखी एक. घरोघर फिरणारे विक्रेते टीडीएसचं मीटर पाण्यात बुडवून '900 आहे, पाणी फार हार्ड आहे' म्हणतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं, त्यात मीठही आलं. कठीणपणा वेगळा, तो या मीटरला कळत नाही. घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत बोरचं पाणी, दुसरीत पावसाचं किंवा आरओचं. दोन्हीत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाका आणि जोरात हलवा. दुसरीत फेस उभा राहील. पहिलीत फेसाऐवजी दही फाटल्यासारखा चोथा आला तर पाणी जड. हाच चोथा कपड्यांत राहतो, म्हणून आपल्याकडचे पांढरे सदरे दोन वर्षांत राखाडी होतात आणि टॉवेल वाळले की पापडासारखे कडक.

उपाय काय? पैसे असतील तर मिठाने धुवायचा रेझिनचा सॉफ्टनर, तोच खरा. नळाला लावायची पांढऱ्या गोळ्यांची छोटी बाटली मिळते, ती पाणी मऊ करत नाही, क्षाराला चिकटू देत नाही इतकंच. गोळ्या संपल्या की कामही संपलं. चुंबक लावून पाणी मऊ करणाऱ्यांच्या नादी लागू नका.

काहीच नको असेल तर दीड-दोन महिन्यांतून एकदा लिंबाची फुलं. 7 किलोच्या मशीनला 100 ते 150 ग्रॅम, ड्रममध्ये थेट टाकायची, एकही कपडा नको, 60 अंशांचा कॉटन प्रोग्राम लावायचा. नंतर एकदा नुसत्या पाण्याने खळबळून काढायचं. अर्धा किलो टाकून लवकर साफ होईल असं समजू नका, ड्रमच्या मागे ॲल्युमिनियमचा भाग असतो, त्याला जास्त आम्ल मानवत नाही. आणि यात ब्लीच कधीही मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. साडेचार वर्षांत तुम्ही हे एकदाही केलं नसेल तर पहिल्यांदा केल्यावर क्षाराची मोठमोठी पापुद्री सुटतील. ती फिल्टरमध्ये जाऊन अडकतात. त्यामुळे धुलाई संपली की त्याच दिवशी फिल्टर पुन्हा उघडायचा.

आता वासाकडे येतो. दाराच्या रबराच्या घडीत बोट घालून बघा, काळा बुळबुळीत थर लागेल. वास त्याचाच, आणि तसाच थर ड्रमभोवतीच्या टबच्या मागे, जिथे हात पोचत नाही तिथेही असतो. तो कशावर वाढतो? न विरघळलेली पावडर, कंडिशनर, कपड्यांचा मळ. आपण बहुतेक सगळे थंड पाण्यात किंवा 'क्विक' वर धुतो आणि पावडर मात्र बादलीत भिजवल्यासारखी ओंजळीने टाकतो. फ्रंट लोडला कमी फेसाची, त्याच्यासाठीची वेगळी पावडर लागते, सात किलोला दोन मोठे चमचे पुरतात. बोरच्या पाण्यात फार तर तीन. जास्त फेस झाला की पंप पाण्याऐवजी फेस ढवळत बसतो, पाण्याची पातळी मोजणाऱ्या बारीक नळीत फेस शिरतो आणि मशीनला आत किती पाणी आहे तेच कळेनासं होतं. ते पिळायचं टाळतं, वेळ वाढवत जातं. 'एक तासाचा प्रोग्राम तीन तास चालतो' ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी पावडरीचा डबा दाखवायला सांगतो. तुमचं मशीन मध्येच थांबतं, त्यातही फेसाचा हात असू शकतो. दाराच्या काचेवर शेवटपर्यंत फेस दिसत असेल तर समजा. तात्पुरता इलाज म्हणजे कंडिशनरचं अर्धं झाकण टाकून नुसतं खळबळून काढणं, फेस बसतो.

रबर आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा, घडी उलटून. महिन्यातून एकदा टॉवेल-चादरी 60 अंशांवर धुवा. धुणं झालं की दार बोटभर उघडं ठेवा, पावडरीचा कप्पाही. घरात लहान मूल असेल तर उघड्या दाराकडे लक्ष हवं, मुलं आत शिरतात.

(मे महिन्यात एक गंमत होते. पारा 45च्या आसपास गेला की स्लॅबवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हात पोळेल इतकं तापतं. तुम्ही 'थंड' दाबता, मशीन हीटर लावत नाही, पण पाणी टाकीतूनच गरम येतं. नव्या रंगीत साडीचा रंग उतरला म्हणून मशीनला शिव्या खायला लागतात. उन्हाळ्यात रंगीत कपडे सकाळी लवकर धुवा.)

आता तो विमानाचा आवाज. ताई, इथे मला जरा काळजी वाटते.

मशीन बंद, प्लग काढलेला, दार उघडं. ड्रम हाताने हळू फिरवा आणि कान लावा. 'खळ्ळ, खळ्ळ' असं अधूनमधून वाजलं तर नाणं किंवा हूक ड्रम आणि टबच्या मधे पडलाय. फिरताना 'खरखर' असा, जात्यावर भरडल्यासारखा सलग आवाज आला तर बेरिंग. मग ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. ड्रम आणि टब दोन्ही एकत्र झुलले तर ठीक, ते स्प्रिंगांवर टांगलेले असतात. टब स्थिर आणि आतला ड्रम एकटाच टकटक हलला, तर बेरिंग संपलं. तिसरी खूण मागे. मागचं झाकण काढून मोठ्या चाकाच्या मध्याखाली तांबूस गंजाचे ओघळ दिसतात का बघा.

हे होतं कसं? बेरिंगच्या पुढे रबराचं सील असतं. क्षार आणि पावडर सीलची कड खातात, पाणी बेरिंगमध्ये शिरतं, ग्रीस वाहून जातं, मग गंज, मग खरखर. पाणी न निघता आत तसंच उभं राहिलं तर आत सतत ओल राहते. म्हणजे तुमच्या पहिल्या तक्रारीने तिसरीला खतपाणी घातलं असू शकतं. आवाज आल्यावरही वर्षभर मशीन रेटलं की ड्रमच्या मागची तीन पायांची फ्रेम, जिला आम्ही स्पायडर म्हणतो, ती झिजते, शाफ्टला खाचा पडतात. एखाद्या दिवशी भर वेगात पाय तुटतो आणि टब फोडून बाहेर येतो. तोपर्यंत थांबू नका. भारी आवाज असेल तर दुरुस्ती होईपर्यंत पिळण्याचा वेग 400 वर ठेवा.

बेरिंग बदलणं मोठं काम आहे. पूर्ण मशीन खोलावं लागतं, अर्धा दिवस जातो. दोन बेरिंगं आणि सील एकत्रच बदलायची. 'सील चांगलं आहे, राहू द्या' म्हणणाऱ्याकडून काम करून घेऊ नका, सहा महिन्यांत तीच रड. जुनी बेरिंगं हातात मागून घ्या, त्यांच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, नव्यावर तोच आहे ना ते बघा आणि नावाजलेल्या कंपनीचीच घ्या. आधी एक प्रश्न विचारा, 'या मॉडेलचा टब बोल्टने उघडतो की चिकटवलेला आहे?' काही मशीनचा टब कारखान्यातच वितळवून जोडलेला असतो, त्यात अख्खा टबच बदलावा लागतो आणि मग हिशेब बदलतो.

मशीन थरथरत किंवा जागेवरून सरकत असेल, तर त्याचं थोडक्यात. अमळनेरला एकदा गेलो तर घरातली आजी बाहेर ओट्यावर येऊन बसलेली. म्हणाली, 'भाऊ, मशीनना आंगमा येल शे!' म्हणजे मशीनच्या अंगात आलंय. नवं कोरं मशीन, पाठीमागचे वाहतुकीचे बोल्ट कुणी काढलेच नव्हते. ते काढल्याशिवाय नवं मशीन चालवायचं नाही आणि काढलेले जपून ठेवायचे, घर बदलताना लागतात. जुन्या मशीनला पायांची पातळी, खालच्या नटांची पकड, शॉकॲब्सॉर्बर, या क्रमाने बघावं. चाकांच्या स्टँडवर फ्रंट लोड ठेवणं मला मुळीच पटत नाही. आणि एकटी गोधडी टाकू नका. ती पाणी पिऊन एका बाजूला गोळा होते, मशीन तोल साधायला धडपडतं आणि न पिळता थांबतं. सोबत दोन-तीन टॉवेल टाका. जाड जुनी गोधडी नदीवर किंवा हातानेच धुतलेली बरी.

दार न उघडणं ही तुमच्या बाबतीत वेगळी तक्रार नाही. आत पाणी आहे तोवर ते उघडणार नाही, उघडूही नये. एरवीसुद्धा धुलाई संपल्यावर कुलूप सुटायला एक-दोन मिनिटं लागतात, आतली पट्टी गार व्हावी लागते. दार ओढून हँडल तोडलेली किती मशीन पाहिली, मोजदाद नाही.

आता विजेचं. गरम पाणी करताना हे मशीन 2000 वॅटच्या आसपास घेतं, म्हणजे जवळपास 9 अँपिअर. त्याला 16 अँपिअरचं मोठं सॉकेटच हवं. छोट्या सॉकेटवर किंवा टीव्हीच्या एक्स्टेंशन बोर्डवर चालवाल तर प्लग वितळेल. खेड्यांत शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, तेव्हा इनलेट व्हॉल्व्ह नुसता गुणगुणतो, उघडत नाही. अशा ठिकाणी चांगला स्टॅबिलायझर लावा, वीज गेल्या-आल्याच्या झटक्यातही बोर्ड जातात.

अर्थिंग उन्हाळ्यात तपासा. आपली काळी माती मे महिन्यात हात-हात भेगाळते, अर्थिंगच्या सळईभोवतीची माती सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. ओल्या हाताने मशीनच्या पत्र्याला मुंग्या आल्या तर मशीन बदलू नका, आधी वायरमनला बोलवा. खड्ड्यात पाणी ओतणं हा साधा उपाय उन्हाळाभर करायचाच.

आणि उंदीर. बऱ्याच फ्रंट लोडचा तळ उघडा असतो. उंदीर आत शिरतो, वायरी कुरतडतो, कधी पाण्याचा रबरी पाइपच फोडतो. 'पीसीबी गेला' म्हणून सांगितलेल्या तक्रारींत तुटलेली वायर निघण्याचं प्रमाण पुष्कळ आहे. तळाला बारीक लोखंडी जाळी बसवून घ्या, पाय आणि पाइप मोकळे राहतील अशी.

बोर्ड खरंच गेलाय हे कसं ओळखायचं? मेकॅनिकला तीन गोष्टी करून दाखवायला सांगा. पाणी काढायच्या वेळी पंपाच्या दोन टोकांवर मीटर लावून व्होल्टेज येतं का. येत असेल तर बोर्ड आपलं काम करतोय, दोष पंपाचा. येत नसेल तर बोर्डापासून पंपापर्यंतची वायर सलग आहे का. वायर ठीक असूनही व्होल्टेज नसेल, तर बोर्ड बाहेर काढून जळका भाग दाखवा म्हणावं. हे न करता जो नऊ हजार सांगतो त्याला चहा पाजून वाटेला लावा. बोर्ड गेला असला तरी पुष्कळदा एखादा रिले किंवा छोटा भाग बदलून दुरुस्त होतो, जळगाव-धुळ्यात बोर्ड दुरुस्त करणारी चांगली पोरं आहेत.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याबद्दल. टॉप लोडला कमी दाब तुलनेने चालतो, मधेच कपडे टाकता येतात, वाकावं लागत नाही, हे खरंय. पण जड पाणी त्याच्याही टबमागे थर साठवतं, आणि तेवढ्याच कपड्यांना त्याला साधारण दुप्पट पाणी लागतं. उन्हाळ्यात तुमची बोर किती वेळ चालते, त्यावर ठरवा.

तुमच्या मशीनचा हिशेब मी असा मांडेन. फिल्टर, पाइप, लिंबाची फुलं, हे सगळं या रविवारी तुम्ही स्वतः करा, खर्च शंभर रुपयांच्या आत. त्यानंतरही पाणी निघत नसेल तर पंप. टब बोल्टचा असेल तर बेरिंग-सील करून घ्या, साडेचार वर्षांचं मशीन त्या लायकीचं आहे. टब चिकटवलेला असेल, स्पायडरही झिजलेला असेल आणि वरून बोर्डही खरंच गेलेला निघाला, तरच नव्याचा विचार करा.

दोन गोष्टी मात्र मला कळवा. ड्रम हाताने फिरवल्यावर नेमका कसा आवाज येतो, आणि फिल्टरमध्ये काय निघालं. सरकी निघाली तर तिला कोंब आलेत का, तेही.